ऐंशी डॉलरची रायफल

मंडळी, आज कोड नाही, डेटाबेस नाही, ऑफिसातल्या कुरबुरीही नाहीत. आज जुन्या लष्करी रायफली. आधीच सांगून टाकतो, अमेरिकेतला बंदुकांचा वाद हा वेगळा विषय आहे आणि त्यावर माझी मतं बरीच कडक आहेत. माझी मुलगी इथल्याच शाळेत जाते, त्यामुळे काही बातम्या वाचल्या की माझ्याही पोटात गोळा येतो. पण आजचा विषय आहे तो सैन्याने मोडीत काढलेल्या, साठ-सत्तर-शंभर वर्षांच्या रायफली जमवणाऱ्या लोकांचा. हे लोक साधारणपणे टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या जातीचे असतात. फक्त तिकिटं जड असतात.

आपल्याकडे हा छंद शक्यच नाही. .३०३ काय किंवा ७.६२ काय, भारतात नागरिकांसाठी हे बोअर निषिद्ध. आपली ओळख 'थ्री-नॉट-थ्री'शी, म्हणजे एनसीसीच्या कॅम्पात खांदा सुजवणारी किंवा हवालदाराच्या खांद्यावर लटकणारी. २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटीवर एके-४७ च्या समोर आपले पोलीस हीच घेऊन उभे होते. मी इथे ओहायोत आलो तेव्हा एच-वन व्हिसावर होतो. त्या व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखे एक-दोन अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही. ग्रीनकार्ड आलं आणि त्याच सुमाराला आमच्या रस्त्यावरच्या एका निवृत्त मशिनिस्टशी ओळख झाली. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. त्याच्या तळघरात मी पहिल्यांदा मोसिन-नागां हातात घेतली.

ही मोसिन म्हणजे या छंदाचं बटाटावड्यासारखं चलन. १८९१ साली रशियन सैन्याने स्वीकारलेली, पुढे १९३० साली सुधारलेली आणि कोट्यवधींनी बनवलेली. २००५ च्या आसपास खेळाच्या सामानाच्या दुकानात, क्रिकेटच्या बॅटी ठेवाव्यात तशा त्या रांगेने उभ्या असायच्या. किंमत ऐंशी ते शंभर डॉलर! बरोबर संगीन, तेलाची दोन तोंडांची कुपी आणि कॅनव्हासचा पट्टा फुकट. ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबाही शंभराच्या आत. रायफल कॉस्मोलिन नावाच्या तपकिरी ग्रीसमध्ये बुडवलेली असे. ते काढायला जुलैच्या उन्हात काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून गाडीत ठेवायची. ग्रीस वितळून गळतं, आणि गाडीला पुढचे दोन महिने गॅरेजसारखा वास येतो. (बायकोच्या मते चार महिने.)

आज तीच रायफल चारशेच्या आसपास जाते, चांगली असेल तर वर. महागाई धरली तरी त्या ऐंशीचे आज फार तर सव्वाशे-दीडशे व्हायला हवेत. मग बाकीचं काय?

सोपं उत्तर म्हणजे मागणी वाढली. ते खरं आहे, पण अर्धंच. खरी गोम पुरवठ्यात आहे, आणि तो पुरवठा नळासारखा कायद्याच्या हाताने उघडला-मिटला गेला आहे. १९६३ साली केनेडींवर झाडली गेलेली इटालियन कार्कानो ही टपालाने मागवलेली सरप्लस रायफलच होती. दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर, टपालखर्च वेगळा. १९६८ च्या कायद्याने टपालाची विक्री आणि लष्करी सरप्लसची आयात दोन्ही बंद झाली. १९८० च्या दशकाच्या मध्याला जुन्या, संग्राह्य बंदुकांपुरता नळ पुन्हा उघडला, आणि १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर धरणच फुटलं. पूर्व युरोपातली गोदामं रिकामी व्हायला लागली. आम्ही ज्याला 'नेहमीची किंमत' समजत होतो ती ऐंशी डॉलरची किंमत म्हणजे त्या पुराची खूण होती. पुढे २०१४ ला रशियावर निर्बंध आले, २०२१ ला रशियन बंदुका-काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद झाले. दरम्यान पूर्व युरोपातला बराच माल नेटोच्या पैशाने वितळवलाही गेला.

आणि हा नळ आता उघडला तरी त्यातून फार काही यायचं नाही. कारण दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या सैन्यांनी हळूहळू स्वयंचलित रायफली घेतल्या. उद्या कुठल्या देशाने लाखभर एके मोडीत काढल्या तरी अमेरिकी कायद्याच्या लेखी ती मशीनगन आहे, आणि मशीनगन आयात करून सामान्य नागरिकाला विकता येत नाही. म्हणजे 'सरप्लस रायफल' या वस्तूचं उत्पादन जगात जवळजवळ थांबलं आहे. शिल्लक आहे ती फक्त वाटणी.

इथवर ठीक आहे. जुन्या गोष्टी महागतात, त्यात रडण्यासारखं काय? मला खुपतं ते पुढचं. ऐंशी डॉलरच्या रायफलीविषयी कोणी खोटं बोलत नसे. कशाला बोलेल? खोटा शिक्का ठोकायची मजुरी रायफलीपेक्षा जास्त पडली असती.

आता परवडते. जर्मन के-९८ वर नंतर ठोकलेले एसएसचे शिक्के. अमेरिकन एम-वन गरँड, जिचा मधला सांगाडा सरकारने भंगारात काढताना कापला होता आणि कोणीतरी दोन तुकडे सांधून, घासून, रंगवून विकला. जपानी अरिसाका, जिच्यावरचं सम्राटाचं शेवंतीचं फूल शरणागतीच्या वेळी घासून टाकलं होतं आणि जे आता पुन्हा 'उमललं' आहे. फूल शाबूत असेल तर जास्त पैसे मिळतात ना!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना समजेल असं सांगतो. रायफलीच्या सांगाड्यावर, बोल्टवर, मॅगझिनवर एकच क्रमांक असणं हा एक प्रकारचा चेकसम आहे. सगळे जुळले तर वस्तू जन्मापासून एकत्र आहे. पण युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी लाखो मोसिन उघडून, सुटे भाग मिसळून, पुन्हा जोडल्या आणि जुने आकडे खोडून नवे जुळणारे आकडे टाकले. त्यात फसवणूक नव्हती, ती त्यांची सरकारी पद्धत होती. विक्रेता मात्र 'सगळे नंबर जुळतात' एवढंच सांगतो. आकडा कोणत्या ठशाचा आहे, त्याखाली खरवडल्याची खूण आहे का, हे बघायचं काम तुमचं.

बोल्ट जुळणं हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या मागे किती फट उरते त्याला हेडस्पेस म्हणतात. ती जास्त असेल तर पितळी पुंगळी फाटते आणि गरम वायू मागे येतो. मागे तुमचा चेहरा असतो. तपासायला गेजचा संच मिळतो, तो फारसा महाग नाही, आणि चारशे डॉलर मोजणाऱ्या माणसाला नेमका त्याचाच कंटाळा येतो. 'डीपी' असा शिक्का असलेली एन्फिल्ड कवायतीपुरती असते, झाडण्यासाठी नाही. शिक्का दस्त्यावर असेल तर सँडपेपरने जातोही. १९०३ च्या स्प्रिंगफील्डचे आठ लाखांच्या आतले क्रमांक हा तर पाठ्यपुस्तकात घालावा असा धडा आहे. त्या काळी लोखंड किती तापलं हे कामगार रंगावरून, नजरेने ठरवत. उन्हाच्या दिवशी एक रंग दिसतो, ढगाळ दिवशी दुसरा. काही सांगाडे जास्त तापले आणि काचेसारखे ठिसूळ झाले. बाहेरून काहीही कळत नाही. माझ्या शेजाऱ्याकडे तसली एक होती, तिच्या चापाला त्याने दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती : 'फक्त भिंतीसाठी'.

काडतुसांचंही तेच. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून नळीत जे क्षार उरतात ते हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून संध्याकाळी घरी येऊन आधी नळीत गरम पाणी ओतायचं आणि मग तेल लावायचं. नवशिका पाणी म्हटल्यावर घाबरतो, नुसतं तेल लावतो आणि पंधरा दिवसांत नळी खलास. एकदा इथल्या प्रदर्शनात .३०३ च्या जुन्या काडतुसांचा ढीग होता. एक उचलून बुडाशी पाहिलं तर 'केएफ'. खडकी! माझं कॉलेज पुणे-लोणावळा लोकलने खडकी स्टेशन बघत गेलंय. ओहायोतल्या थंडीत ते पितळ हातात धरून मी दोन मिनिटं नुसता उभा होतो.

तर या शेजाऱ्याची गोष्ट सांगायची आहे. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या बायकोने मला बोलावलं, कारण एका विक्रेत्याने सगळ्या अकरा रायफलींचे मिळून तीन हजार देऊ केले होते आणि तिला ते बरोबर आहे का कळत नव्हतं. मी म्हटलं, आधी त्याची वही काढा. संग्राहकाचा सरकारी परवाना तीन वर्षांना तीस डॉलर, पण त्याबरोबर एक नोंदवही ठेवावी लागते : कधी घेतली, कोणाकडून, क्रमांक काय. किंमत लिहिण्याची सक्ती नसते. त्याने पेन्सिलीने समासात लिहिली होती.

ती वही म्हणजे या लेखाचा सगळा डेटा. २००३, इशापूर २-ए-१, १२९ डॉलर. २००४, मोसिन, ७९. २००५, स्विस के-३१, ११९. प्रत्येकीपुढे त्याच्या बारीक अक्षरात हेडस्पेसची नोंद, नळीच्या तोंडाची झीज, आट्यांची अवस्था. मशिनिस्टच तो, लेथवरून उतरलेला जॉब तपासावा तशी त्याने प्रत्येक रायफल तपासली होती. के-३१ च्या दस्त्यामागची पत्री खोलली तर आत स्विस सैनिकाच्या नावाची चिठ्ठी सापडली, तीही त्याने वहीला पिनने लावून ठेवलेली. मग हळूहळू आकडे मोठे होतात आणि टिपणं लहान. शेवटची नोंद २०१६ ची. मोसिन स्नायपर, पीयू दुर्बिणीसह, १४०० डॉलर. पुढे मोजमाप काही नाही. फक्त दोन शब्द : 'स्टालिनग्राडची, म्हणतात'.

मी ती टेबलावर घेतली. अस्सल पीयूवर दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या डाव्या अंगावर ठोकलेला असतो. इथे कोरी जागा. बोल्टच्या वाकवलेल्या दांडीला जोड दिसत होता. दुर्बीण बसवायला दस्त्याला जो खाचा पाडला होता, त्यातलं लाकूड आतून पिवळं, ताजं. आणि गंमत अशी की दुर्बिणीचा चौथरा काढून पाहिलं तर रायफल १९४३ सालची निघाली. स्टालिनग्राडची लढाई १९४३ च्या फेब्रुवारीत संपली. साध्या मोसिनला भोकं पाडून केलेली ती मोसिन होती.

हे सगळं त्याला माझ्यापेक्षा दहापट जास्त कळत होतं. मला गेज धरायला त्यानेच शिकवलं. आधीच्या दहा रायफलींत त्याने धातू विकत घेतला आणि अकराव्या खेपेला गोष्ट विकत घेतली. गोष्टीला गेज लागत नाही. माझा तर्क असा की ऐंशी डॉलरची वस्तू आपण निवांत उलटीपालटी करून बघतो. चौदाशेची वस्तू समोर आली, 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं कोणी म्हणालं, की तपासून नको ते कळण्याचीच भीती वाटते. फ्लॅट घेताना आपण तरी काय करतो?

त्याची बायको स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "ती दुर्बीणवाली नातवाच्या कॉलेजसाठी आहे. तो नेहमी म्हणायचा." मी तिला सांगितलं. गोल गोल नाही, सरळ : बाकीच्यांचे तीन हजार फार कमी आहेत, नुसती के-३१, गरँड आणि इशापूर मिळून तेवढ्या होतील. पण या एकीचे साध्या मोसिनएवढेच येतील. ती बराच वेळ वही चाळत राहिली. मग तिने विचारलं, "त्याला माहीत होतं का रे?" दुर्बीणवालीची नोंद सोडली तर बाकी सगळ्या पानांवर मोजमापं होती हे तिला दिसत होतंच. मी म्हटलं, मला वाटतं त्याने मुद्दाम मोजलं नाही.

आता त्या एकेक करून लिलावाला जातायत. फोटो आणि वर्णनं मी लिहितो, त्याच्याच टिपणांवरून, दोषांसकट. स्विस सैनिकाची चिठ्ठी रायफलीबरोबर जाईल. इशापूर मी चालू बाजारभावाने घेतली, पाचशे वीस डॉलरला. तिच्याविषयी इथे हमखास ऐकू येतं की ती .३०३ ची नळी बदलून केलेली आहे. साफ चूक. १९६२ च्या युद्धानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने ती ७.६२ साठी, जास्त चांगल्या पोलादात, नव्याने बनवली. माझीवर अशोकस्तंभाखाली १९६६ कोरलंय, आणि त्याने लिहिलेलं हेडस्पेस मी पुन्हा मोजलं तेव्हा तंतोतंत जुळलं.

दुर्बीणवाली अजून तळघरातच आहे. नातू इस्टरला येईल तेव्हा तिचं काय करायचं ते त्याला विचारून ठरवायचं, असं आजीचं म्हणणं. तोवर तिचा बोल्ट काढून मी वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवलाय.