ओलीस

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला एक पुस्तक भेट दिले. फादरांना नाताळची भेट म्हणून लोक केक देतात, फार तर शाल, पुस्तक क्वचितच. हा तरुण एका कंपनीच्या विक्री विभागात आहे. तो म्हणाला, "फादर, आमच्या ट्रेनिंगमध्ये हे वाचायला लावतात. तुमच्याही कामाचं आहे."

पुस्तकाचे नाव 'नेव्हर स्प्लिट द डिफरन्स'. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा लेखक क्रिस व्हॉस हा अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेत अपहरणकर्त्यांशी बोलणी करीत असे. ओलिसांना सोडविण्याची विद्या व्यापारात, पगारवाढीच्या बोलण्यात, एवढेच नव्हे तर घरातही कशी वापरावी, हे त्याने सांगितले आहे. धर्मगुरूला दरोडेखोरांच्या भाषेशी काय कर्तव्य, असा विचार करून मी ते कपाटात ठेवून दिले. उपवासकाळात एका दुपारी जे घडले, त्यामुळे मला ते पुन्हा बाहेर काढावे लागले.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता त्या दिवशी पहाटे देवाघरी गेली. तिला दोन मुलगे. थोरला तिच्याजवळ जुन्या घरात राहणारा, धाकटा स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये. वाडीच्या वाटणीवरून दोघांत तीन वर्षे दावा चालू होता. दफनविधी दुपारी चार वाजता ठरला होता. बाराच्या सुमारास शेजारचा मुलगा धावत आला. थोरल्याने फाटकाला कुलूप घातले होते. धाकट्याने आधी एका कागदावर सही करावी, मगच आईचे तोंड पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. धाकटा बायकामुलांसह बाहेर उन्हात उभा होता आणि त्याचे दोन मित्र कुलूप फोडण्याची भाषा करीत होते.

मी गेलो आणि सेमिनरीत जे शिकलो होतो ते केले. म्हणजे बोललो. चौथी आज्ञा सांगितली, मृतात्म्याची शांती सांगितली, गावाची लाज सांगितली. माझ्या मते ते बरे प्रवचन होते. थोरला फाटकाच्या गजांमागे उभा राहून ऐकत होता. माझे संपल्यावर तो म्हणाला, "फादर, तुम्ही यात पडू नका. तुम्हाला काय माहीत आहे?"

माझे शब्द संपले होते. खरे सांगायचे तर मला रागही आला होता. पण त्याचा प्रश्न खरा होता. मी म्हणालो, "मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

"तीन वर्षं, फादर."

"तीन वर्षं?"

मग तो बोलू लागला. तीन वर्षे आई अंथरुणाला खिळली होती. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे. त्याच्या पत्नीने शाळेतली नोकरी सोडली. पाठीला जखमा झाल्या तेव्हा त्या त्यानेच धुतल्या. वाडीचा विषय त्याच्या बोलण्यात आलाच नाही. "आणि रविवारी हा चार मोसंबी घेऊन यायचा. सोमवार ते शनिवार म्हातारी त्याचंच नाव घ्यायची." इतके बोलून तो गप्प झाला. मीही गप्प राहिलो. ती शांतता किती वेळ होती कोण जाणे. मला ती एका रोझरीइतकी वाटली. शेवटी मी एवढेच म्हणालो, "तुम्ही केलंत ते कोणी पाहिलंच नाही, असं तुम्हाला वाटतं."

त्याने दोन्ही हातांनी गज धरले आणि साठीचा तो माणूस रडू लागला. "हो फादर. तेच."

हे सारे धाकटा चार पावलांवरून ऐकत होता. थोड्या वेळाने मी विचारले, "चार वाजता आईला आपण कसं न्यायचं?" थोरल्याने डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "पेटीच्या पुढच्या बाजूला मी राहणार. दुसऱ्या बाजूला त्याला राहू दे." त्याने खिशातून किल्ली काढली. कागद खिशातच राहिला.

त्या रात्री मी पुस्तक बाहेर काढले आणि संपवूनच झोपलो. समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द प्रश्नासारखे परत उच्चारणे, त्याच्या भावनेला नाव देणे, शांतता न मोडणे, 'का' असे न विचारता 'कसे' असे विचारणे: मी घाबरून, निरुपायाने जे केले होते, ते तेथे शास्त्र म्हणून मांडले होते. समोरचा 'तुमचं बरोबर आहे' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा आपल्याला वाटेला लावायचे असते. 'हो, तेच' म्हणतो तेव्हा काही हलते, असेही त्यात आहे. माझ्या प्रवचनानंतर चर्चच्या दारात 'फादर, तुमचं अगदी बरोबर आहे' असे म्हणणारे पुष्कळ चेहरे मला त्या वाक्याशी आठवले.

या शास्त्राचा उगम दुःखद आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये अतिरेक्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले. सुटकेचा प्रयत्न फसला आणि ११ खेळाडू व प्रशिक्षक प्राणास मुकले. पुढच्याच जानेवारीत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बंदुका चोरायला आलेले चौघे एका दुकानात लोकांना धरून बसले. एक पोलीस मारला गेला होता, तरीही पोलिसांनी ४७ तास धीर धरला. ओलीस गच्चीवरून निसटले आणि चोर शरण आले. हार्वे श्लॉसबर्ग हा मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेला पोलीस आणि त्याचा सहकारी फ्रँक बोल्झ यांनी १९७३ मध्ये तेथे वाटाघाटींचे पहिले पथक उभे केले. पुढे एफबीआयने या विद्येचा पाच पायऱ्यांचा जिना केला: ऐकणे, समजून घेणे, विश्वास जुळणे, मग कुठे प्रभाव, आणि सर्वांत शेवटी वर्तनातील बदल. आम्ही धर्मगुरू बहुतेक वेळा थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो आणि गुडघे फोडून घेतो.

यातील ऐकण्याची पद्धत आली कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाकडून, आणि हा रॉजर्स तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका सेमिनरीत धर्मशास्त्र शिकत होता, हे वाचकांना सांगताना मला थोडा आनंद होतो. तो ते शिक्षण सोडून गेला, ही गोष्ट वेगळी.

पण खरे तर आपल्याला इतक्या दूर जायला नको होते. १२१८ साली बार्सिलोनात संत पेद्रो नोलास्को यांनी मर्सिडेरियन संघ स्थापन केला, तो बंदिवानांना सोडविण्यासाठीच. त्या संघाची चौथी शपथ अशी की, गरज पडल्यास बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहावे. १९९६ च्या डिसेंबरात पेरूची राजधानी लिमा येथे बंडखोरांनी जपानी राजदूताच्या निवासस्थानी शेकडो पाहुण्यांना कोंडले, तेव्हा फादर हुआन हुलिओ विख्त या येशूसंघीय धर्मगुरूंना सुटकेची संधी मिळाली होती. ते इतरांबरोबर आतच राहिले, १२६ व्या दिवसापर्यंत. आणि इम्माउसच्या वाटेवर प्रभूने काय केले? त्या दिवशी येरुशलेमात काय घडले हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरी त्याने दोघा खिन्न शिष्यांना विचारले, तुम्ही कशाबद्दल बोलत चालला आहात. आणि त्यांची अर्धीमुर्धी हकिकत पूर्ण ऐकून घेतली. शास्त्राचा उलगडा नंतर. तीस वर्षांत या उताऱ्यावर मी अनेकदा बोललो असेन, पण प्रत्येक वेळी उलगड्यावर.

याची किंमत एका आईने मोजली आहे. माझ्या पहिल्याच धर्मग्रामात एक तरुण रात्री दहाला दारावर आला. तोंडाला दारूचा वास होता. "फादर, थोडं बोलायचं होतं," एवढेच तो म्हणाला. मी पंधरा मिनिटे दारूच्या दुष्परिणामांवर बोललो. त्याने शांतपणे ऐकले, "येतो फादर," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो गावात दिसला नाही. दोन वर्षांनी त्याच्या आईला कुठूनसे एक पत्र आले, पुढे तेही नाही. त्याला काय बोलायचे होते ते मला आजही माहीत नाही. त्याची आई मला भेटली की विचारते, "त्या रात्री तुम्हाला काही म्हणाला होता का, फादर?"

व्यवहारातही ही विद्या चालते, हे मी नाकारणार नाही. सभागृहाच्या छपराचे काम अर्ध्यावर असताना कंत्राटदाराने अडीच लाख रुपये वाढवून मागितले. पूर्वी मी रागावलो असतो, नाही तर निम्म्यावर तोडले असते. या वेळी विचारले, "एवढी रक्कम धर्मग्रामाने कशी उभी करायची, तुम्हीच सांगा." तो हिशेबाची वही उघडून बसला. लोखंड महागले होते हे खरे, पण मुख्य अडचण निराळीच होती: मजुरांना दर आठवड्याला पैसे द्यावे लागत आणि आम्ही बिल शेवटी चुकते करणार होतो. आम्ही दर पंधरवड्याला पैसे देण्याचे कबूल केले. वाढ साठ हजारांवर आली.

तरीही माझ्या मनात एक काटा आहे. पुस्तक देणाऱ्या तरुणाला मी विचारले, "गिऱ्हाइकाचं ऐकताना तू त्याचं ऐकतोस, की आपल्या ऑर्डरचं?" तो हसला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "ऑर्डरचं, फादर." हा धोका खुद्द वाटाघाटीवाल्यांनाही चुकलेला नाही. १९९३ मध्ये टेक्सासमधील वेको येथे एका पंथाच्या वसाहतीला वेढा पडला होता. बोलणी करणाऱ्यांनी ३५ जणांना सुखरूप बाहेर आणले. पण माणसे बाहेर येत असतानाच दुसरे पथक वीज तोडत होते, रात्रभर कर्कश आवाज लावत होते. आतल्यांनी विश्वास कोणावर ठेवावा? ५१ व्या दिवशी आग लागली आणि मुलांसह ७० हून अधिक माणसे गेली. कान एकीकडे आणि हात दुसरीकडे, असे ऐकणे मी पापनिवेदनाच्या जागी बसून केले तर काय होईल, याचा विचारही मला करवत नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या दोघा भावांची परवानगी घ्यायला गेलो. समेट झाला आहे, असे वाचकांनी समजू नये. दावा चालूच आहे. थोरला म्हणाला, "लिहा फादर, पण गावाचं नाव नको." मग फाटकापर्यंत मला सोडायला येताना त्याने सांगितले की, पुढची तारीख जूनमध्ये आहे. "हल्ली कोर्टात आम्ही एकाच रिक्षेनं जातो. भाडं निम्मं निम्मं."