कडा म्हणजे क्लिफ

आमचे गाव कळसूबाईच्या जवळ आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर आहे. आमच्या ओट्यावर बसले की समोर डोंगर आणि मागेही डोंगरच. पण डोंगराचे इंग्रजी शब्द पाठ करायचे म्हटले की आमच्या वर्गाला घाम फुटतो.

या वर्षी गुरुजींनी भिंतीवर एक मोठे चित्र लावले. त्यात डोंगर, नदी, बेट आणि वाळवंट एकाच गावात असल्यासारखे काढले आहेत. हिल म्हणजे टेकडी, व्हॅली म्हणजे दरी, आयलंड म्हणजे बेट. पेनिन्सुला हा शब्द आमच्या वर्गात एका मुलीलाच नीट म्हणता येतो. नदीच्या काठाला बँक म्हणतात, हे ऐकून आम्ही खूप हसलो. आमच्या गावात पैशाची बँक नाही, पण ओढ्याला दोन बँका आहेत! नदी समुद्राला मिळते ते तिचे माउथ, म्हणजे तोंड. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "उलटंच हाय की. तोंड उगमाकडं पायजे." गुरुजी म्हणाले, आपल्या पुस्तकातसुद्धा नदीचे मुख समुद्राकडेच असते. आजीला ते अजून पटलेले नाही.

मी गुरुजींना विचारले, "टेकडी किती उंच झाली की माउंटन होते?" ते म्हणाले, सगळीकडे एक माप नाही. पण इंग्रजांच्या देशात साधारण २००० फूट, म्हणजे ६१० मीटरच्या वर माउंटन म्हणतात. इंग्लंडचे सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक, ते ९७८ मीटर आहे. मी लगेच वजाबाकी केली. आपली कळसूबाई ६६८ मीटरने उंच!

आता मी खरी गोष्ट सांगतो. श्रावणात शाळेला सुट्टी होती. मी आजोबांबरोबर गुरे घेऊन माळावर गेलो होतो. धुके इतके होते की आमची म्हैस दहा पावलांवर दिसेना. आजोबा मागे राहिले होते. तेवढ्यात दोन पाहुणे आले. पाठीवर मोठ्या पिशव्या. त्यांना मराठी येत नव्हते. त्यांनी विचारले, "वॉटरफॉल?" हा शब्द मला येत होता. मला फार आनंद झाला. मी ऐटीत म्हणालो, "यस, वॉटरफॉल," आणि पाण्याच्या आवाजाकडे बोट केले. ते थँक्यू म्हणून निघाले.

मग माझ्या पोटात गोळा आला. तिकडे धबधबा आहे हे खरे, पण तो तिथून खाली पडतो. माळ संपतो आणि एकदम कडा लागतो. धुक्यात गवत पुढे चालूच आहे असे वाटते. मागच्या पावसाळ्यात आमची कालवड तिथूनच गेली.

मी पळत सुटलो. कड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हते. मी ओरडलो, "हिल! हिल!" ते मागे वळून हसले आणि काहीतरी छान छान म्हणाले. मी म्हणालो, "नो रोड! नो वॉटरफॉल!" त्यांना वाटले, पोरगा गंमत करतो. मघाशी मीच यस म्हणालो होतो ना! ते चालतच राहिले. शेवटी मी पुढे जाऊन वाटेत आडवा बसलो. चिखलात बसलो. एकाने मला हात धरून उठवायला पाहिले, पण मी उठलो नाही. मला रडू आले.

माझा आवाज ऐकून आजोबा धावत आले. त्यांना तर एकही इंग्रजी शब्द येत नाही. त्यांनी एक धोंडा उचलला आणि पुढे गवतात भिरकावला. धोंडा पडल्याचा आवाज आला नाही. मग थोड्या वेळाने खूप खालून बारीक आवाज आला. दोघे पाहुणे जागच्या जागी उभे राहिले. एकाचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "क्लिफ." मग पुन्हा म्हणाला, "क्लिफ, क्लिफ." असा तो शब्द मला मिळाला. तो भिंतीवरच्या चित्रात नव्हता.

घरी आल्यावर आजोबा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ठावं नसंल तर व्हय म्हनू नये रं." मला जेवण गेले नाही.

शाळेत मी हे गुरुजींना सांगितले. त्यांनी मला आजोबांकडून आपल्या डोंगराचे सगळे शब्द लिहून आणायला सांगितले. आजोबांनी एका दमात सांगितले : कडा, सुळका, सोंड, खिंड, घळ, कपार, माळ, पायथा. गुरुजींनी शब्दकोश काढला. सुळका म्हणजे पिनॅकल. खिंड म्हणजे पास. (माझा मित्र म्हणाला, मग मी परीक्षेत खिंड झालो!) सोंडेला स्पर म्हणतात, म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेचा काटा. आपल्याला डोंगरात हत्ती दिसला आणि त्यांना घोडा. सांधणला पाहुणे व्हॅली म्हणतात, पण ती अरुंद फट आहे, म्हणून गॉर्ज म्हणणे जास्त बरोबर, असे गुरुजी म्हणाले.

घाट शब्द शोधला तर तो इंग्रजी शब्दकोशात आधीच होता! आपलाच शब्द त्यांनी नेला. २०१२ साली युनेस्कोने आपल्या सह्याद्रीला जागतिक वारशाचा मान दिला, तोही वेस्टर्न घाट्स या नावाने. आणि आपल्या काळ्या दगडाच्या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात. डेक्कन म्हणजे दक्खन. ट्रॅप हा शब्द स्वीडनच्या भाषेतल्या पायऱ्यांवरून आला. आजोबा म्हणाले, "पायऱ्याच हायेत त्या. देवाघरच्या."

मग आम्ही एका फळीवर पाटी रंगवली. वर मराठीत कडा, खाली इंग्रजीत क्लिफ. अक्षरे मी काढली. आजोबांनी ती माळावर वाट फुटते तिथे खांब रोवून ठोकली. दुसऱ्या दिवशी गुरुजी पाहायला आले आणि म्हणाले, "अरे, शेवटी दोन एफ असतात." आता दुसरा एफ बाजूला बारीक काढला आहे. जवळ गेले की दिसतो.