डॅशबोर्डवरची दिवाळी

ऑगस्टमधला शनिवार, धो धो पाऊस. अकोले सोडून राजूरच्या रस्त्याला लागले आणि एका खड्ड्यातून बाहेर पडताना डॅशबोर्डवर चक्क दिवाळी! पिवळा एबीएस, लाल ब्रेक आणि स्पीडोमीटरचा काटा थेट शून्यावर. गाडी मात्र मस्त चालतेय. पुढच्या खड्ड्यात दिवे गुल, काटा जागेवर. ही भुताटकी दोन महिने सुरू होती.

पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरने दोनदा कोड पुसून दिले होते. तिसऱ्यांदा 'मॅडम, एबीएस मॉड्यूलच बदलावं लागेल' म्हणत ४२ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. फ्रीलान्सरच्या भाषेत ४२ हजार म्हणजे चौदा लेख, तेही चेक वेळेवर आले तर! म्हणून मी सरळ दुर्लक्ष करायचं ठरवलं होतं. पण सोमवारी सकाळी संगमनेरला आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि तिला नेण्याचं काम मी मामाकडून हट्टाने मागून घेतलं होतं.

मामाने दिवे पाहिले आणि म्हणाला, "या गाडीत माझी आई बसणार नाही." संपला विषय.

त्याचं चुकत नव्हतं. एकटा पिवळा दिवा लागला तर साधा ब्रेक सहसा शाबूत असतो, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ नयेत ही राखण बंद पडते. लाल सोबत लागला तर आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑईल तपासायचं. ते ठीक असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. ओल्या उतारावर मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते. आणि मी हे सगळं गाडी चालवून झाल्यावर शिकत होते!

मामाच्या ओळखीचे एक मेकॅनिक रविवारी सकाळी आले. हातात स्कॅनर, मल्टीमीटर आणि पान्यांची पिशवी. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचला. इंजिन, स्टिअरिंग, मीटर या तिघांच्याही यादीत एकच कोड: यू ०१२१, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. मी हताश होऊन म्हटलं, "म्हणजे मॉड्यूल गेलंच ना?"

"ताई, कोड म्हंजे गुन्हेगाराचं नाव नाय. तक्रार हाय ती. तिघं म्हणतात चौथा बोलत नाय. का बोलत नाय, ते चौथ्याला इचारू ना!"

मास कॉमच्या पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच की... दुसरी बाजू घ्या. मी मात्र तीन साक्षीदारांवर निकाल देऊन मोकळी झाले होते.

फंडा असा. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनवाली चॅसी, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे या सगळ्यांमधलं बोलणं. ते चालतं कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवर. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ही पद्धत जगापुढे आणली. या वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. म्हणून बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर कुठेतरी वायर तुटल्याची शंका. आमचे आले ६०. थोडक्यात, फोनची लाइन ठीक होती.

मग चौथ्याची विचारपूस. एबीएसच्या स्वतःच्या यादीत एकच जुना कोड: व्होल्टेज कमी. कोड पुसणं म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढणं, हे तेव्हा कळलं. पुण्यात दोनदा तेच झालं होतं. फ्यूज चांगला, बॅटरी चांगली. चावी ऑन करून त्यांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी मॉड्यूलच्या अर्थच्या वायरला. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. वायर जरा हलवली आणि आकडा तीन व्होल्टच्या वर! डॅशबोर्डवर पुन्हा दिवाळी.

बॅटरीचा ट्रे काढला. खाली अर्थचा बोल्ट, हिरव्या-पांढऱ्या बुरशीने माखलेला आणि बोटाने फिरेल इतका ढिला. मागच्या वर्षी मी बॅटरी बदलून घेतली होती, त्यानंतर तो कुणी पाहिलाच नव्हता. पॉलिश पेपरने घासला, आवळला, वरून पेट्रोलियम जेली. पुन्हा मोजलं, तर मीटर वायर हलवूनही ढिम्म. मग कोड पुसले आणि रंध्याच्या रस्त्यावर मुद्दाम खड्डे शोधत चक्कर मारली. काटा हलला नाही, दिवा लागला नाही. मोकळा रस्ता बघून कच्चकन ब्रेक दाबायला लावला, तर पेडल पायाखाली थरथरलं. "हां, आता ते काम करतंय," असं म्हणून त्यांनी साडेतीनशे रुपये घेतले. मी पाचशेची नोट पुढे केली, तर सुटे शोधायला लागले. शेवटी दीडशेचे राजूरचे पेढे घेऊन दिले.

सोमवारी मामा स्वतः मागे बसला. तपासणीसाठीच, दुसरं काय! आजी पुढे, पट्टा बांधून. अकोल्यापर्यंत माझी नजर दर खड्ड्याला डॅशबोर्डवर.

"त्या दिव्यांकडं काय बघत्येस सारखी?" आजी म्हणाली. "मला नीट दिसत नाही, तुला तर दिसतंय ना? रस्त्याकडं बघ."