शेजारच्या राजाशी वागताना

मैत्रिणींनो, सुट्ट्या लागल्या की मुलं संगणकासमोर ठाण मांडून बसतात आणि आपण स्वयंपाकघरातून हाका मारत राहतो. घरोघरी हेच, नाही का? यंदा उन्हाळ्यात मी हाका मारणं सोडलं, खुर्ची ओढली आणि दहावीची परीक्षा दिलेल्या माझ्या लेकाच्या शेजारी जाऊन बसले. मी इथे लाखनीत एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. पडद्यावर क्लिओपात्रा आणि चंद्रगुप्त दिसल्यावर राहवतं होय!

खेळाचं नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर यांचा हा खेळ १९९१ साली पहिल्यांदा आला. आमच्याकडे आहे तो २०१६ चा सहावा भाग. आपण एका राज्याचे धनी. नगरं वसवायची, शेती-व्यापार वाढवायचा. शेजारची राज्यं संगणक चालवतो, आणि खरी कसोटी लागते ती त्यांच्याशी संबंध राखताना.

आता गंमत ऐका. नवा राजा भेटला की लगोलग २५ मोहरा खर्चून त्याच्याकडे शिष्टमंडळ धाडायचं. तेव्हाच धाडलं तर बहुधा तो स्वीकारतो. मन कलुषित झाल्यावर धाडाल तर नाकारतो. नव्या शेजारणीकडे पहिल्याच आठवड्यात वाटीभर भाजी घेऊन का जावं, हे तुम्हांआम्हांला वेगळं सांगायला नको!

प्रत्येक राजाचा स्वभावही ठरलेला. क्लिओपात्राला ज्याचं सैन्य बलवान तोच आवडतो. चीनच्या सम्राटाला भव्य वास्तूंचं वेड. त्यात दुसरं कुणी पुढे गेलं की त्याचं बिनसलंच. २०१८ मध्ये खेळात आलेल्या चंद्रगुप्ताला सीमेला लागून असलेला शेजारी नकोसा, दूरचा मात्र प्रिय. मला लगेच कौटिल्याचं अर्थशास्त्र आठवलं. लागून असलेला राजा तो स्वाभाविक शत्रू, आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र, असाच त्याचा मंडलाचा सिद्धान्त आहे.

बरं, त्या राजांच्या मनातला हिशेब पडद्यावर मांडलेला असतो. शिष्टमंडळ पाठवलं, इतके अधिक. वचन मोडलं, इतके उणे. २०१९ पासून तर गाऱ्हाण्यांचीही मोजदाद आहे. उगाच चढाई केली की गाऱ्हाणी साचतात, शांत राहिलं की हळूहळू विरतात. मैत्री जाहीर केली तर ३० फेऱ्या एकमेकांवर चाल करता येत नाही. शिष्टमंडळ गेलं, व्यापार सुरू झाला की त्या दरबारातली कुणकुणही कानावर येऊ लागते, आणि ती खरी निघते.

माणसांच्या कुणकुणीचं तसं नाही हो! याच खेळातले गांधीजी अणुबॉम्ब टाकतात ते पहिल्या भागातल्या आकडेमोडीच्या चुकीमुळे, अशी वदंता कितीतरी वर्षं जगभर फिरली. अखेर २०२० साली सिड मायर यांनीच आत्मचरित्रात लिहिलं, की तशी चूक मुळात नव्हतीच.

आमच्याही घरी अशा ऐकीव गोष्टींनी बरंच नुकसान केलं आहे. गावाकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून भासऱ्यांशी दोन वर्षं बोलणं बंद आहे. भांडण हातभर जागेचं. पण 'ते असं म्हणाले', 'ती तसं म्हणाली' करत ते वाढलं. त्यांची बांधी वर, आमची खाली. पाणी त्यांच्याकडून आमच्याकडे उतरतं. रोवणीच्या दिवसांत ते अडलं तर परे वाळतील, ही धास्ती दरवर्षी असते.

मे महिन्यात कुरडया झाल्या. जाऊबाईंसाठी डबा भरत होते, तर लेकानं विचारलं, "आई, मोठीआईला कशाला? त्यांच्याकडून आपल्याला किती अधिक मिळणार?"

ऐकून मी चरकलेच. मग जवळ बसवून म्हटलं, "बाळा, खेळात शेवटी एकच जण जिंकतो, म्हणून तिथली मैत्रीही तेवढ्यापुरती. इथे भासरे हरले तर आपण जिंकू का? पाण्याची गरज आहे, ते मी नाकारत नाही. पण तू तान्हा असताना तापानं फणफणला होतास, तेव्हा माझ्याबरोबर तीन रात्री जागली ती हीच मोठीआई. त्याचे किती अधिक धरायचे?"

तो काही बोलला नाही. संध्याकाळी सायकल काढून डबा मात्र स्वतः घेऊन गेला. जाऊबाईंनी डबा ठेवून घेतला, "पेपर कसे गेले रे?" एवढंच विचारलं. डबा अजून परत आलेला नाही. आपल्यात रिकामा डबा कुणी परत करत नाही, म्हणून मीही घाई करत नाही. कौटिल्यानं सहा धोरणांत 'आसन' सांगितलं आहे, म्हणजे स्वस्थ बसून वाट पाहणं. तेही जमायला हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलाच्या हातून खेळ हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून बघा. कोणता राजा रुसला, का रुसला, ते विचारा. आणि त्याच ओघात घरातली माणसं कशी जोडायची असतात, तेही सांगून टाका. ते त्याला पडद्यावर वाचायला मिळणार नाही. ते आपणच सांगायचं असतं.