राणी काढून वाळवी जात नाही

रबाळे, २४ जून

प्रिय ताई,

परसातलं वारूळ खणून राणी काढली की देवघराच्या चौकटीची वाळवी आपोआप जाईल, असं तुला त्या औषधवाल्यानं सांगितलं म्हणे. इतक्यात गडी लावू नकोस. आधी हे वाच.

गेल्या वर्षी इथं पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी जेसीबीनं एक वारूळ उकरलं. पाळी संपवून मी परतत होतो, तिथंच थांबलो. आत करड्या स्पंजासारखे बुरशीचे मळे होते, त्यांवर राजगिऱ्याएवढे पांढरे मणी. ही बुरशी वाळव्याच पिकवतात. पावसाळ्यात वारुळावरची अळंबी आपण काढायचो ना, ती हिचीच. मधे घट्ट मातीची चपटी कोठी होती. ती फुटली आणि बोटाएवढी राणी दिसली. डोकं इवलंसं, पोट फुगून पिवळसर झालेलं, त्यावर तपकिरी पट्ट्या. ते पोट सारखं हलत होतं. शेजारी राजा. मधमाशीचा नर मीलन होताच मरतो, पण हा जन्मभर राणीजवळच राहतो. मला त्या दोघांकडे बघून फार वाईट वाटलं.

मग मी या विषयाचं मिळेल ते वाचत सुटलो. पहिल्या पावसात दिव्याभोवती घिरट्या घालून पंख टाकणारी पाखरं म्हणजे पुढचे राजे-राण्या. बहुतेकांना पाली, पक्षी, मुंग्या खातात. वाचलेली जोडी मातीत शिरून संसार मांडते. पण काही जातींत दोन-चार माद्या मिळूनही घर सुरू करतात. केनियातल्या मोठ्या वारुळांत एकाच कोठीत अनेक राण्या सापडल्या आहेत. पनामात झाडावर घरटं करणाऱ्या एका वाळवीच्या घरट्यात बार्बरा थॉर्न यांना तब्बल ३३ राण्या मिळाल्या. जास्त राण्या म्हणजे जास्त अंडी, आणि घर लवकर भरतं.

जपानातली गोष्ट तर मी दोनदा वाचली. तिथल्या एका वाळवीची राणी कामकऱ्यांना राजाच्या संगानं जन्म देते, पण आपल्या जागी येणाऱ्या राण्या मात्र नराविना, एकटीच्या अंड्यांतून घडवते. केंजी मात्सुउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००९ साली दाखवलं. म्हातारी राणी जाते, तिच्याच रक्ताच्या लेकी कोठीत बसतात, आणि राजाच्या पोरींशी त्याचा संबंध येत नाही, कारण या नव्या राण्यांत त्याचा अंशच नसतो.

आपल्या परसातली वाळवी जपानातली नव्हे, हे मान्य. तरी राणी गेली तर वारुळातल्याच पंखवाल्यांतून दुसरी उभी राहू शकते. आणि मुळात चौकटीतली वाळवी त्या वारुळातलीच, हे कुणी पाहिलंय? लाकडात शिरणाऱ्या कितीतरी जाती वारूळ बांधतच नाहीत, जमिनीखालीच राहतात.

आई नागपंचमीला त्याच वारुळाला दूध-लाह्या वाहायची. तेवढ्यासाठीही ते मला हवंय, हे तुझ्यापासून लपवत नाही.

चौकटीवरची मातीची नळी खरवडू नकोस. ती कुठून चढते ते खडूनं खूण करून ठेव. न्हाणीघराच्या भिंतीत पाणी मुरतंय का तेही बघ, मला तिथलाच संशय आहे. मी रविवारी येतो, बॅटरी आणि पटाशी घेऊन.

तुझा,
धाकटा