दोन डबे, एक दोर

दिल्लीच्या सरोजिनी नगरात चढ असा नाहीच. आमच्या शेजारची जुनी माणसं अजूनही त्याला विनयनगर म्हणायची, त्या काळातली ही आठवण. दुमजली सरकारी क्वार्टर्स, पुढे कडुलिंब आणि जांभळाची झाडं, पलीकडे बाबू मार्केट, आणि वसाहतीच्या कडेनं जाणारी रिंग रेल्वे. ही लाइन १९७५ साली मालगाड्यांसाठी टाकली होती. १९८२च्या एशियाडच्या वेळी ती प्रवाशांसाठी वाढवली. तीही अशीच सपाट. सायकल शिकायला याहून चांगली वस्ती नव्हती, पण डोंगर बघायचा तर पंजाब मेलनं नाशिक रोडला उतरावं लागे.

आमची कुलदेवता सप्तशृंगी, नाशिकजवळच्या गडावरची. साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ. त्यामुळे वडिलांना रजा मिळाली की आधी गड, मग बाकीचे पाहुणे, असा क्रम ठरलेला. नांदुरीहून वर आलं की पठारावर गाव लागतं. घरं, पेढ्यांची आणि खणा-नारळाची दुकानं, शिवालय तलाव. देवी मात्र त्याच्याही वर, सरळ उभ्या कड्याच्या कपारीत. गावातून तिच्यापर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या. त्या उमाबाई दाभाड्यांनी बांधल्या असं सांगतात. आम्ही मुलं त्या पळत चढायचो. आजीला ते जमत नव्हतं, म्हणून एका वर्षी वडिलांनी डोली केली.

डोलीच्या पुढच्या दांड्याखाली जो माणूस होता त्याच्या मागोमाग मी चढत होते. उन्हानं रापलेली मान, खांद्यावर घडी घातलेलं पंचाचं फडकं, आणि फडकं सरकलं की दिसणारी लिंबाएवढी घट्ट गाठ. ती गाठ वर्षानुवर्षं दांडा घासून आलेली होती. दर वळणावर तो काठीवर दांडा टेकवायचा, खांदा बदलायचा आणि काही न बोलता पुन्हा उचलायचा. आजीनं सबंध वाटभर डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, तिला खाली बघायची भीती वाटतेय. दर्शन झाल्यावर ती वडिलांना म्हणाली, "याच्या जिवावर देवी बघायची, त्यापेक्षा मी खालूनच हात जोडीन." आणि ते तिनं पाळलं. त्यानंतर आम्ही वर जाऊन येईपर्यंत ती पहिल्या पायरीपाशी बसून राहायची.

दिल्लीत परतलं की शाळा, डबा, अभ्यास. पण रविवारी वडील आम्हांला चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात न्यायचे. १९७७च्या फेब्रुवारीत ते उघडलं आणि आमच्या घरापासून ते चालत जाण्याजोगं होतं. सगळ्यांची गर्दी 'फेअरी क्वीन' इंजिनापाशी असे. मी मात्र, पुढे कधीतरी माथेरानचं छोटं इंजिन तिथं पाहिलं तेव्हापासून, त्याच्यापाशी थांबायची. त्या सगळ्या राजेशाही डब्यांत आणि अवाढव्य इंजिनांत ते एक आपल्या मुलखातलं. आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या ध्यासातून १९०७ साली नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. दोन फुटी रूळ, अंतर जेमतेम २१ किलोमीटर. चढ काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट. लोखंडी चाक लोखंडी रुळावर याहून फार चढ नुसत्या पकडीच्या जोरावर घेत नाही, घसरतं. म्हणून ती गाडी डोंगराला वळसे घालत, नागमोडी जाते. इतकी तीव्र वळणं घेता यावीत म्हणून इंजिनाचे कडेचे आस आडवे हलतील अशी रचना केलेली असते. वडिलांनी हे समजावलं आणि मी विचारलं, "मग अशी गाडी गडावर का नाही?" ते म्हणाले, "वळायला जागा कुठे आहे तिथे?"

खरंच नव्हती. कड्यापुढे वळसे चालत नाहीत. तिथं सरळ वरच जावं लागतं.

सरळ वर जाणारी रेल्वे मी पहिल्यांदा पाहिली ती इटलीत, मुलगी मिलानला राहायला गेल्यावर. मिलानहून कोमोला लोकल जाते, तळ्याच्या अगदी काठावर उतरवते. तिथून चार पावलांवर ब्रुनाते गावाला जाणाऱ्या फ्युनिक्युलरचं स्टेशन. ही लाइन १८९४च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. आधी वाफेवर, १९११पासून विजेवर. लांबी किलोमीटरभराहून थोडी जास्त, पण तेवढ्यात ती सुमारे ५०० मीटर उंची चढते. सर्वांत तीव्र ठिकाणी शंभर मीटर पुढे जाताना पंचावन्न मीटर वर. वेळ सात मिनिटं. डब्याची जमीन जिन्यासारखी पायरीपायरीनं बांधलेली, त्यामुळे डबा तिरका असला तरी माणूस सरळ बसतो. सुरुवातीला छोटा बोगदा, मग बागा, घरांच्या गच्च्या, आणि मागे वळलं की तळं हळूहळू रुंद होत जातं. कोमोच्या कॅथेड्रलचा घुमट बघता बघता पायाखाली येतो.

मला मात्र तळ्यापेक्षा रुळांमधला दोर बघायचा होता. यंत्र इतकं साधं आहे की ते कळल्यावर राहून राहून बरं वाटतं. दोन डबे एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना बांधलेले. दोर वर मोठ्या चाकावरून फिरतो. एक डबा खाली येतो म्हणून दुसरा वर जातो, विहिरीच्या कप्पीवरच्या दोन घागरींसारखा. दोन्ही डब्यांचं स्वतःचं वजन एकमेकांना तोलून धरतं. मोटरला फक्त माणसांच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढंच ओढावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ तळ्याकाठी गीसबाखला १८७९ साली जी लाइन झाली, तिथं तर मोटरही नव्हती. वरच्या डब्याच्या टाकीत धबधब्याचं पाणी भरायचं, तो जड झाला की खाली निघायचा, खालचा वर. खाली पोचल्यावर पाणी सोडून द्यायचं.

एकाच रुळावर समोरासमोर येणारे डबे मध्यावर एकमेकांना चुकवतात कसे, हा प्रश्न सोडवला तो कार्ल रोमान आब्ट या स्विस अभियंत्यानं. मध्यावर रूळ दुभंगतो. प्रत्येक डब्याच्या बाहेरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी कडा असतात, ती रुळाला धरून ठेवतात. आतली चाकं कडा नसलेली, रुंद, रुळावरून सरकून जाणारी. त्यामुळे डावा डबा कायम डावीकडूनच जातो, उजवा उजवीकडूनच. सांधा बदलायला माणूस लागत नाही. ब्रुनातेच्या वाटेवर आमचा डबा मध्यावर आला, समोरून दुसरा आला, एक म्हातारं जोडपं काचेतून हात हलवून गेलं. त्यांच्या वजनानं आपण वर चाललोय, हे त्या क्षणी मला शब्दशः खरं म्हणून जाणवलं, आणि डोलीवाल्याच्या खांद्यावरची गाठ आठवली.

वर गाव टुमदार आहे. आणखी वर व्होल्टाच्या स्मरणार्थ १९२७ साली बांधलेला दीपस्तंभ आहे. विजेच्या घटाचा शोध लावणाऱ्या व्होल्टाचं जन्मगाव कोमो, आणि तान्हेपणी त्याला दाईकडे ठेवलं होतं ते ब्रुनातेत. दीपस्तंभापर्यंत पायी गेले. चांगला होता. पण मनात सारखा गडच होता.

२०१८ साली गडावर अशी गाडी यायचा योग आला. त्या वर्षी सरोजिनी नगरात बरंच काही एकदम घडलं. जुनी क्वार्टर्स पाडून नव्या उंच इमारती बांधायच्या कामासाठी झाडं तोडण्यावरून लोक रस्त्यावर आले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ऑगस्टमध्ये पिंक लाइनचं भुयारी मेट्रो स्टेशन उघडलं. आणि त्याच वर्षी सप्तशृंगीगडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. एका डब्यात साठ माणसं, गावातून देवीच्या पायाशी काही मिनिटांत. तिकडचे लोक नुसतं 'ट्रॉली' म्हणतात.

आई तोवर आजीच्या वयाला आली होती आणि तिचे गुडघेही आजीवर गेले होते. कित्येक वर्षं ती गडावर येऊन खालीच बसत होती. ट्रॉलीत बसायलाही तयार नव्हती. "यंत्रात बसून कसलं दर्शन? पायी गेलं तर पुण्य." हा आक्षेप पुष्कळांचा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पायऱ्या चढताना जो घाम निघतो, जो जयजयकार उठतो, त्याला स्वतःची किंमत आहे. पण ज्याला चढता येतं त्यानंच ती किंमत ज्याला चढता येत नाही त्याच्याकडे मागू नये, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटी ती बसली, खिडकीशी. डबा हलल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. मध्यावर खाली येणारा डबा शेजारून गेला. कपाळाला कुंकू, हातात प्रसादाच्या पिशव्या, कुणाच्या कडेवर जावळ काढलेलं मूल. दाराशी उभ्या असलेल्या मुलाला आईनं विचारलं, "बाळ, एवढ्या माणसांना वर ओढतं कोण?" तो म्हणाला, "ते खाली येतात ना आजी, म्हणून तुम्ही वर जाता." तिनं त्या डब्याकडे बघत हात जोडले.

पुढे २०२२ साली मूर्तीवरचा शेंदराचा लेप उतरवला. सुमारे अकराशे किलो निघाला, आणि अठरा भुजांचं मूळ रूप दिसलं. आईनं आयुष्यभर मनात धरलेला चेहरा वेगळा होता. नवं रूप तिनं बराच वेळ बघितलं. मार्कंड्याच्या डोंगराकडे कललेली मान मात्र तीच आहे, म्हणाली. ट्रॉली नसती तर हे तिनं फोटोतच पाहिलं असतं.

यंत्र शिखरापर्यंत जात नाही आणि जाऊही नये. तिथं नवरात्रात आणि चैत्रोत्सवात दरेगावच्या गवळी घराण्यातला मानकरी रात्री एकटा चढतो आणि कीर्तिध्वज लावतो. ती वाट त्याचीच.

माथेरानला २०२५ सालीही माणूस माणसाला ओढत होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पोट राखायलाही बजावलं. ही दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. खांद्यावरचं ओझं उतरवताना त्या खांद्याची रोजी जाऊ नये. डोंगरावर यंत्र नेणाऱ्या प्रत्येकानं आधी डोलीवाल्यांना, घोडेवाल्यांना बोलावून बसवावं. नवं काम त्यांना द्यावं, मग रूळ टाकावेत.

तुमच्या घरात कुणी "तुम्ही जाऊन या, मी खालीच बसते" म्हणत असेल तर ऐकू नका. नाशिकहून गड साधारण साठ किलोमीटर. नवरात्र, चैत्र आणि मंगळवार-शुक्रवार टाळा, साध्या दिवशी सकाळी जा, तिकीट काढा आणि त्यांना खिडकीशी बसवा. तुमचे गुडघे धड असतील तर उतरताना पायऱ्यांनी या.