कोयींचा भरडा

१२ मे
हापूस उतरला, कॅनिंग जोरात. रत्नागिरीजवळच्या कारखान्यामागे कोयी-सालींचा ढीग, त्यावर माश्यांचं राज्य. मालक म्हणाले, "न्या हो, वर चहा पाजतो." टेम्पोचं भाडं तेवढं माझं. मका इथेनॉलकडे वळल्यापासून आम्हा कोंबडीवाल्यांची खाद्यासाठी ही असली खटपट सुरू झाली आहे.

१५ मे
साली गोठ्याकडे गेल्या. रात्रीत आंबतात, त्या टिकवायच्या कोणी? कोयी धुऊन अंगणात पसरल्या. आज फोडायला दोघी जणी आल्या. शेजारच्या काकू पडवीतून म्हणाल्या, "फुकटच्या कोयींना एवढी मजुरी?" आंब्याच्या वजनात जातीप्रमाणे १० ते २५ टक्के कोय, आणि फोडल्यावर कवच वजा. काकूंचा हिशेब चुकत नाही.

१८ मे
कोयीतल्या गरात पिष्ट भरपूर, थोडी चरबी, प्रथिनं बेताची. म्हणजे तो मक्याच्या थोड्या वाट्याला उभा राहील, सोयापेंडीच्या नाही. कच्चा गर चावला तर जीभ आखडते, ते टॅनिन. कोंबडीच्या पोटात तेच प्रथिनांना धरून बसतं आणि पिल्लांची वाढ खुंटते. म्हणून रात्रभर भिजवून, उकळून, पाणी ओतून द्यायचं. पाणी काळपट निघालं. या तुरट द्रव्यांत चरबी खवट होऊ न देण्याचा गुणही आहे. द्राक्षाचा चोथा आणि डाळिंबाची साल कोंबड्यांना थोड्या मापात घालून बघतात, ते त्यासाठीच. मी मात्र उकळून तो बराचसा ओतून दिला. मला मका वाचवायचा आहे.

(चॉकलेटमध्ये कोकोच्या चरबीबरोबर ज्या सहा वनस्पती चरब्या युरोपात चालतात, त्यांत आंब्याची कोय आहे आणि आपलं कोकमही. इथे कोय उकिरड्यावर.)

३० मे
चार दिवस ढग. गर बाहेरून कोरडा, मोडला की आत ओला. काही तुकड्यांवर हिरवट बुरशी दिसली. ती सगळी टोपली खड्ड्यात पुरली. दोघींना वाईट वाटलं, "एवढं फोडलं ते!" पण बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीचं यकृत खातं, आणि ते उकळून जात नाही. २००१ साली ओडिशातल्या काशीपूर भागात कोयींची पेज खाऊन माणसं दगावली. बुरशीनं की भुकेनं, यावर तेव्हा मोठा वाद झाला. भूक नसती तर ती पेज कोणी प्यायलं नसतं, हे माझं मत.

७ जून
पाऊस. चुलीवरच्या माळ्यावर वाळवलेला गर दळून आणला. शंभर किलो खाद्यात पाच किलो, तेवढा मका कमी. पिल्लांना नाही, मोठ्या कोंबड्यांनाच. पहिल्या दिवशी जाड कण निवडून टाकले कोंबड्यांनी. पुन्हा बारीक दळला, मग खाल्लं. अंडी नेहमीइतकीच.

९ जून
कोय येते मे महिन्यात आणि तिच्या मागोमाग पाऊस. सगळं घोडं वाळवण्यापाशी अडतं. कारखान्यात बॉयलर आहे, त्याची उष्णता फुकट जाते. तिथेच एक वाळवणीची खोली काढता येईल का, म्हणून मालकांना फोन केला.
"बघू," म्हणाले, "गणपतीनंतर या."